चाळीस पोरींची एकच माय

पुंडलिकभाऊ समोरच्या माणसाला नमस्कार करायच्या आधी त्याचे कान बघत. आधी डावा, मग मान जराशी तिरपी करून उजवा, आणि मग हात जोडत. नवख्या माणसाला वाटे, आपल्या कानाला काहीतरी लागलं आहे. देवळीत बदलून आलेल्या एका बँकेच्या साहेबांनी तर रुमाल काढून दोन्ही कान पुसले होते. त्यावर पुंडलिकभाऊ शांतपणे म्हणाले, "पुसून नाई जाणार साहेब. कानाची पाळी गालाले चिकटलेली हाये. तुमच्या आईकडून आली असन." साहेब चिडले. पण दिवाळीच्या सुटीत नागपूरला गेले तेव्हा त्यांनी आईचे कान पाहिलेच. परत आल्यावर सामान घरात टाकून आधी पुंडलिकभाऊंच्या दुकानात गेले आणि म्हणाले, "आईकडूनच." मग घरी जाऊन पाय धुतले.

नाक-डोळे सगळेच बघतात, म्हणून तिथे फारसं काही सापडत नाही, असं पुंडलिकभाऊंचं मत होतं. "माणूस नाकडोळ्यानं लय नाटक करते," ते म्हणत. "कानानं काय करन?"

मी देवळीच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला आले ती सत्त्याहत्तर सालच्या जूनमध्ये. माझं वय चोवीस, माहेर वर्ध्याला. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत मला एक खोली भाड्याने मिळाली. शेजारच्या दोन खोल्या पुंडलिकभाऊंच्या. पुढच्या खोलीत पेंटरचं दुकान, मागच्या खोलीत ते एकटे. आमच्यामधली भिंत एकच होती आणि ती वरती कौलांपर्यंत पोचत नव्हती, त्यामुळे त्यांच्या टर्पेंटाइनचा वास माझ्या वरणाला येई.

पहिल्या दिवशी मी कुलूप उघडत होते. त्यांनी माझे कान बघितले, नमस्कार केला आणि म्हणाले, "बाई, तुमी लहानपणी डावखुऱ्या होत्या. कोणी मारून उजव्या हातावर आणलं?"

ही गोष्ट माझ्या घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. वडिलांनी लाकडी पट्टीने ती सवय मोडली होती. तुम्हाला कसं कळलं, असं मी विचारलं.

"घरमालकाच्या कागदावर सही उजव्या हातानं केली. कुलूप डाव्या हातानं उघडून राह्यल्या. हाताले जे शिकवलं नाई, ते थो आपल्या मनानं करते." मग थोडं थांबून म्हणाले, "लोकायले दिसते बाई. पाह्यत कोणी नाई."

दिसणं आणि पाहणं यांतला हा फरक त्यांनी पुढची चार वर्षं माझ्यापुढे रोज धरला. भाजीवाली म्हणाली की काल वर्ध्याची बस लय उशिरा आली, तर हे विचारत, "दिसलं का पाह्यलं?" तिला प्रश्न कळत नसे. ती वांगी तोलून देई. मग ते स्वतःच सांगत की बसच्या मागच्या डाव्या चाकाला काळी माती होती आणि उजव्याला नव्हती, म्हणजे ती कुणाला तरी वाट द्यायला रस्त्याच्या खाली उतरली होती, आणि चढताना फसली होती. भाजीवालीला या माहितीचं काही करता येत नसे. पण ती त्यांना एक वांगं जास्त टाकी.

ते दुकानांच्या पाट्या रंगवत, ट्रकच्या पाठीवर मोर काढत, लग्नघरच्या भिंतीवर गणपती काढत. आणीबाणीत त्यांना कुटुंबनियोजनाची भिंत रंगवायचं काम मिळालं होतं. नमुन्याचा कागद वरून आलेला: बाप, आई, एक मुलगा, एक मुलगी, चौघंही हसरी. पुंडलिकभाऊंची अडचण अशी की, कुणाचाच नसलेला चेहरा त्यांना काढता येत नसे. "कागदावरच्या माणसाले कोणाचंच तोंड नोतं," असं ते मला सांगत. त्यांनी एका गोदामाच्या भिंतीवर चित्र काढलं आणि दोन दिवसांनी तिथे लोक जमायला लागले. सुखी कुटुंबातला बाप हुबेहूब त्या गोदामाचा चौकीदार निघाला होता. चौकीदाराला सहा मुलं होती. कामावरच्या साहेबांनी रागावून चेहरा बदलायला लावला. बदललेला चेहरा साहेबांच्याच ड्रायव्हरचा निघाला. त्या ड्रायव्हरचं लग्न व्हायचं होतं. मग साहेबांनी नाद सोडला.

पण ज्या कामासाठी लोक लांबून त्यांच्याकडे येत ते वेगळं होतं. तेव्हा खेड्यांत फोटो काढून ठेवायची फारशी रीत नव्हती. घरातलं मोठं माणूस जाई आणि वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला काहीच नसे. मग घरचे लोक पुंडलिकभाऊंना बोलावत. ते एक पाठकोरी वही घेऊन जात, सगळ्यांना ओळीने बसवत आणि गेलेल्या माणसाबद्दल विचारत.

एका रविवारी मीही त्यांच्याबरोबर पुलगावच्या रस्त्यावरच्या एका गावी गेले. तीन भाऊ, तिघंही चाळिशीच्या आसपासचे. बाप वर्षापूर्वी गेलेला.

"बाबूजीले मिशी होती का?" पुंडलिकभाऊंनी सुरुवात केली.

"होती," थोरला म्हणाला.

"नोती," मधला म्हणाला.

धाकटा म्हणाला, "होती असन. पण बारीक."

यावर दहा मिनिटं वाद झाला. जमिनीचा असावा तसा. मधल्याने सांगितलं की मी रोज बाबूजींच्या शेजारी जेवायला बसत होतो, मिशी असती तर तिला ताक लागलेलं मला दिसलं असतं. शेवटी आतल्या खोलीतून म्हातारीचा आवाज आला. "होती. मोठ्याच्या लग्नापर्यंत होती. मंग माह्या बहिणीचा नवरा हसला, म्हणून काढली. पुन्हा ठेवलीच नाई."

थोरला लग्नानंतर वेगळा राहायला गेला होता. त्याच्यापुरती बापाची मिशी तिथेच राहिली होती.

पुंडलिकभाऊंनी वहीचं पान उलटलं. "माय, तुमी पुढं या. हे तिघं राहू द्या." म्हातारी दारात येऊन बसली आणि पदर नीट करून दीड तास सांगत राहिली. हसायच्या आधी त्यांचा डावा डोळा बारीक होई. पागोटं काढलं की कपाळाचा वरचा भाग लहान मुलासारखा गोरा दिसे. तिन्ही मुलगे शेजारी बसून ऐकत होते. मधल्याने मध्येच मला हळूच विचारलं, "बाई, माह्या कपाळाचं तसंच हाये का?" तसंच होतं.

परत येताना बसमध्ये पुंडलिकभाऊ म्हणाले, "बायका पाह्यतात. त्यायले विचारत कोणी नाई."

त्यांनी लग्न का केलं नाही, हे देवळीत कुणी विचारत नसे, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. तरुणपणी ते तीन मुली पाहायला गेले आणि तिन्ही ठिकाणी खरोखरच पाहत बसले. इतर नवरे मुलगे मान खाली घालून पोहे खातात. पुंडलिकभाऊंचे पोहे गार झाले. तिसऱ्या मुलीच्या वेळी अर्धा तास झाल्यावर ते तिच्या बापाला म्हणाले, "पोरीचा उजवा खांदा दोन बोटं खाली हाये. विहीर दूर असन. पाण्याची बाल्टी ती नेहमी त्याच हातानं आणते. काही दिवस डाव्या हातानं आणू द्या, नाईतर म्हातारपणी पाठ धरन." मुलीच्या बापाने त्यांना बैठकीतून उठवलं. त्या मुलीचं पुढे जाम या गावी लग्न झालं. "आता खांदे सारखे झाले तिचे," असं एकदा बोलता बोलता ते मला म्हणाले. त्यांना ते कुठे दिसले, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुटीनंतर मी आठवीच्या मुलींना 'माझी आई' हा निबंध दिला. मुद्दे मीच फळ्यावर लिहून दिले होते. एका संध्याकाळी ओट्यावर बसून मी वह्या तपासत होते. पुंडलिकभाऊ हात पुसत बाहेर आले, ढिगातली एक वही उचलून वाचली, खाली ठेवली, दुसरी उचलली. पाच-सहा वह्या झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, ह्या चाळीस पोरींची माय एकच हाये का?"

मी वर बघितलं.

"सगळ्यायचीच माय प्रेमळ. सगळ्यायचीच पहाटे उठते. सगळ्यायचीच सुगरण, अन् संस्कार देते. मंग घरं चाळीस कायले?"

मला राग आला. मी म्हटलं, निबंध असाच लिहितात आणि परीक्षेत याच निबंधाला गुण मिळतात.

"मिळत असतीन," ते म्हणाले. "तुमची आई पहाटे उठली का पहिले काय करते?"

"चूल पेटवते."

"दिसलं का पाह्यलं?"

चोवीस वर्षं मी त्या घरात काढली होती. मला जाग येई तेव्हा चूल पेटलेली असे, एवढंच मला ठाऊक होतं. त्या शनिवारी मी वर्ध्याला गेले आणि रविवारी पहाटे मुद्दाम लवकर जागी होऊन पांघरुणातून बघत राहिले. आई उठून चुलीकडे गेली नाही. ती अंथरुणावरच बसून बराच वेळ डावा गुडघा चोळत होती. मग भिंतीला धरून उठली. तिचा गुडघा दुखतो हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

सोमवारी मी मुलींना तोच निबंध परत दिला. एक दिवस आईला बघा आणि फक्त पाच वाक्यं लिहा. प्रेमळ, सुगरण आणि संस्कार हे तीन शब्द चालणार नाहीत. मुली घाबरल्या. एकीने विचारलं, "मग लिहायचं काय, बाई?"

पण त्यांनी लिहिलं. माझी आई भाकर थापताना ओठ दाबते. माझ्या आईला वाचता येत नाही, पण कोणती बस पुलगावची हे ती ड्रायव्हर बघून ओळखते. कापूस वेचून आईच्या बोटांना चिरा पडतात, म्हणून सीझनभर भाजीत मीठ मी टाकते. आई बाबांशी बोलताना भिंतीकडे बघून बोलते. या शेवटच्या वाक्यावरून त्या मुलीचे वडील शाळेत आले. मुख्याध्यापिका बाईंनी मला खोलीत बोलावून सांगितलं की हे सगळं बोर्डाच्या परीक्षेत चालणार नाही. मी हो म्हटलं. पण जाताना त्यांनी त्या वह्या घरी वाचायला मागून घेतल्या, आणि चार दिवस दिल्या नाहीत.

चाळीसपैकी एका मुलीने मात्र जुनाच निबंध जसाच्या तसा लिहून दिला. तीच प्रेमळ आई, तीच सुगरण. सुनंदा तिचं नाव. हुशार मुलगी, दुसऱ्या बाकावर बसे, अक्षर सुरेख. मी वैतागून लाल शाईने 'सूचना वाच. पुन्हा लिही' असा शेरा मारला आणि वही परत केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर मी हे पुंडलिकभाऊंना सांगत होते. तेवढ्यात सुनंदाच समोरून गेली. मी म्हटलं, हीच ती. पुंडलिकभाऊ ती गल्लीच्या वळणापर्यंत जाईस्तोवर बघत राहिले.

"तिले माय नाई," ते म्हणाले.

"कोण म्हणालं?"

"भांग पुढून सरळ हाये, मागून वाकडा. आरशात जेवढा दिसते तेवढाच सरळ. माय वेणी घालून देते त्या पोट्टीचा भांग मानेपर्यंत सरळ राह्यते."

मी शाळेत विचारलं. सुनंदाची आई ती चार वर्षांची असताना गेली होती. घरी वडील आणि आजी, आणि आजीचे हात कापत. हे शाळेतल्या शिपाईबाईंनासुद्धा ठाऊक होतं. दीड वर्ष मी त्या मुलीचा चेहरा समोरून बघत होते.

मी तिला मधल्या सुटीत बोलावलं. मी तिची वही मागितली. तीच म्हणाली, "मले आठवत नाई बाई. म्हणून पहिलेचंच लिहिलं." तिने शेरा मारलेल्या पानाला घडी घालून ठेवली होती, ते लाल अक्षर दिसू नये अशी.

संध्याकाळी मी हे सांगितल्यावर पुंडलिकभाऊंनी कापड दुकानाची अर्धी रंगवलेली पाटी भिंतीला उलटी लावून ठेवली आणि ती पाठकोरी वही काढली.

फोटो नव्हता. सुनंदाचे वडील कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला होते. दोन दिवसांनी आम्ही दोघं त्यांना जिनिंगच्या फाटकाशी भेटलो. त्यांच्या भुवयांवर कापसाचे तंतू बसले होते. पुंडलिकभाऊंनी अर्धा तास नाना प्रकारे विचारलं. प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच होतं. "चांगली होती जी. साधीच होती." मग भोंगा झाला आणि ते आत गेले.

"यांनी तर तिला बघितलेलंच दिसत नाही," मी म्हटलं.

"पाह्यलं हाये," पुंडलिकभाऊ म्हणाले. "आठवण काढून पाह्यची हिंमत नाई."

सुनंदाची मावशी तळेगावजवळच्या एका खेड्यात दिली होती. देवळीहून वर्धा, वर्ध्याहून आर्वी, आर्वीहून तळेगाव, आणि पुढे पायी. पुंडलिकभाऊ तिथे दोनदा जाऊन आले. मावशीचं चित्र काढून आणलं, आणि बहिणीहून काय वेगळं होतं ते तिलाच विचारून त्यात बदल करत गेले. कपाळ अरुंद केलं, ओठ थोडे भरले. चित्र सुंदर झालं होतं. सुनंदाला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "छान हाये."

ती गेल्यावर त्यांनी चित्र उतरवून ठेवलं. "पाव्हणी बाई पाह्यल्यासारखी पाह्यत होती थे," ते म्हणाले. दुसरं चित्र काढलं. तेही छान होतं. तिसरं मी बघायच्या आतच त्यांनी पुसून टाकलं. आठवडाभर त्यांनी भाजीवालीला काही विचारलं नाही. ती मला विचारायला आली, पेंटरची तब्येत बरी आहे का.

मग एका दुपारी त्यांनी सुनंदाला माझ्या ओट्यावर बसवलं आणि स्वतः खालच्या पायरीवर बसले.

"मी चुकीचं विचारून राह्यलो होतो," ते तिला म्हणाले. "तोंड कसं होतं थे नको सांगू. तुले जे आठवते थे सांगजो. काहीही असो."

तिने आधी मान वर करून कौलांकडे बघितलं. मग म्हणाली, "मी मांडीवर झोपून राहो. माय जवारी पाखडे. मले खालून दिसे."

"काय दिसे?"

"हनुवटी. अन् हनुवटीच्या खाली, इथं, एक तीळ होता." तिने स्वतःच्या गळ्याला बोट लावून दाखवलं. "अन् नाकाची भोकं." हे सांगून ती लाजली आणि हसली.

पुंडलिकभाऊ हसले नाहीत. "पाखडताना पाह्ये कुठं?"

"सुपात. मधात एकदा माह्याकडे पाह्ये."

ते तिळाची खात्री करायला तिसऱ्यांदा मावशीकडे गेले. मावशी म्हणाली, असा काही तीळ नव्हता. मग ते परत जिनिंगच्या फाटकाशी गेले. मी बरोबर होते. सुनंदाचे वडील बाहेर आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "हनुवटीच्या खाली, गळ्याच्या बाजूनं, तीळ होता का?"

ते एकदम थांबले. हातातला डबा त्यांनी या हातातून त्या हातात घेतला. "होता," ते म्हणाले. "तुमाले कोणी सांगितलं?"

"तुमच्या पोरीनं."

ते आमच्याबरोबर बसस्टँडपर्यंत चालत आले, तिथून त्यांचं घर उलट्या दिशेला होतं तरी.

पुढचं चित्र बारा दिवस चाललं. ते पूर्ण झाल्यावर गल्लीतला टेलर बघायला आला आणि म्हणाला, "पेंटर, हे काय काढलं? अर्ध्या चित्रात हनुवटीच हाये." खरंच तसं होतं. खालून वर बघितलेली एक बाई. मोठी हनुवटी, गळा, त्यावर तीळ, नाकपुड्या, चित्राच्या एका कडेला सुपाची कड, आणि वरून खाली बघणारे दोन डोळे. वर्षश्राद्धाला लावता येईल असं ते चित्र नव्हतं.

सुनंदा वडिलांबरोबर आली. ती आधी चित्रासमोर उभी राहिली. मग थोडी वाकली. मग दुकानाच्या जमिनीवर, रंगाच्या डब्यांमध्ये, मांडी घालून बसली आणि मान वर केली. तिचे वडील दारातच उभे होते. मग ती म्हणाली, "सूप थोडं अजून जवळ होतं."

पुंडलिकभाऊंनी ब्रश घेतला आणि तिच्यासमोर सुपाची कड दोन बोटं अलीकडे आणली. "एवढं?"

"हो."

ते चित्र सुनंदाच्या घरी खूप उंचावर लावलं गेलं, जवळजवळ आढ्याला टेकवून. मी एकदा गेले होते. खाली सुनंदाचं अंथरूण होतं.

एक्क्याऐंशीच्या मे महिन्यात माझी हिंगणघाटला बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळी सामान बांधून झालं होतं. पुंडलिकभाऊ आले. अंगात धुतलेला, इस्त्रीचा शर्ट होता. डोक्याला तेल होतं. ते माझ्या ट्रंकेवर बसले आणि शर्टाची बाही सारखी करत राहिले. त्यांच्या बाबतीत हे नवीन होतं.

"बाई, एक काम होतं," ते म्हणाले. "तुमाले आता पाह्यता येते. जायच्या पहिले मले एकदा पाहून घ्या."

मला कळलं नाही.

"मी सगळ्या गावाले पाह्यलं. मले पाह्यलं असं कोणी नाई. माय होती, थे गेली. उद्या मी गेलो अन् कोणी विचारलं, त काय सांगतीन? पेंटर होता म्हणतीन."

बांधलेल्या सामानातून मी एक वही काढली आणि त्यांच्यासमोर पाट टाकून बसले. चार वर्षं ते माझ्या भिंतीपलीकडे राहत होते. मी पहिल्यांदाच बघत होते. भुवया पिकलेल्या, उजव्या भुवईतला एक केस वाढून डोळ्यावर आलेला. कपाळावर तीन आठ्या, मधली मध्येच तुटलेली. उजव्या अंगठ्याच्या नखाच्या कडेला हिरवा रंग, कधीही न निघणारा. शर्टाचं तिसरं बटण वेगळ्या दोऱ्याने लावलेलं, आणि गाठ बाहेरच्या बाजूला. वरचा एक पुढचा दात अर्धा. मी लिहीत गेले.

त्यांना माझ्याकडे बघता येत नव्हतं. ते आधी जमिनीकडे बघत होते, मग भिंतीवर कॅलेंडर काढल्यावर उरलेल्या खुणेकडे, मग स्वतःच्या तळहातांकडे. मध्येच त्यांनी विचारलं, "झालं का?"

"नाही."

"बरं," म्हणाले आणि परत हात मांडीवर ठेवले. त्यांच्या उजव्या डोळ्याची खालची पापणी मधूनमधून उडत होती. तेही मी लिहिलं.

पान भरल्यावर मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी मध्ये एकदाही दुरुस्ती केली नाही.

"दाताचंही लिहिलं?"

"लिहिलं."

"बैलानं शिंग मारलं होतं. मी सात-आठ वर्षांचा असन." ते ट्रंकेच्या कडीशी बोटांनी चाळा करत होते. "रक्त थांबलं, मी खेळाले गेलो. माय त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आंगणात वाकून थो दाताचा तुकडा शोधत होती. सापडला असता त काय करणार होती, मालूम नाई."

बाहेर टेलरचं मशीन चालू होतं. माझी बस सव्वादोनची होती आणि अजून बारा वाजायचे होते.

"पुन्हा एकदा वाचा," पुंडलिकभाऊ म्हणाले. "पहिल्यापासून."

मी वाचलं.